पयल्यासारखं काई नाई राह्यलं

बालाघाटकडच्या कटंगीच्या पट्ट्यात भाऊबीज उरकली की मंडयांचा, म्हणजे रात्रभर नाटकं रंगणाऱ्या जत्रांचा, हंगाम लागतो आणि मंडईबरोबर एक वाक्यही गावोगाव फिरू लागतं: पयल्यासारखं काई नाई राह्यलं. दंडारीच्या सोंगांत ती गंमत उरली नाही, नाटकात कथेपेक्षा नाच जास्त, वडशाच्या नाटक कंपन्यांनी सगळ्याचा धंदा केला, वगैरे. हीच रड अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणारे पन्नास वर्षं इंग्रजीत रडताहेत. या खेळात चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी योद्धा, चोर, जादूगार बनून तोंडानेच पराक्रम गाजवायचे आणि पराक्रम साधला की फसला हे वीस बाजूंच्या फाशाला विचारायचं. थोडक्यात, बसल्या बैठकीची दंडार. पुरुषाला लुगडं नेसावं लागत नाही एवढंच. माझं म्हणणं असं की ही कुरकुर म्हणजे या खेळांचा रोग नव्हे, प्रकृतीच आहे. कॅरमच्या भवितव्यावरून कुणी कुणाशी बोलणं टाकल्याचं ऐकिवात नाही. लुडोत पंथ नाहीत. ते खेळ कारखान्यातून पुरे होऊन येतात. सोंगाचा खेळ मात्र अर्धाच हाती पडतो, उरलेला खेळणाऱ्याने रचायचा; आणि ज्याने अर्धी भिंत स्वतः बांधली, तो दुसऱ्याला खिडकी हलवू देईल कशाला?

याचा पहिला पुरावा खुद्द जनकच. गॅरी गायगॅक्स हा आधी विम्याच्या कचेरीतला आणि मग जोडे दुरुस्त करणारा माणूस. त्याने डेव्ह आर्नेसनबरोबर १९७४ साली तीन पुस्तिकांची एक पेटी काढली. प्रती एक हजार. सल्ला असा की पुढचं तुमचं तुम्हीच कल्पून घ्या. पाच वर्षांत जाडजूड पुस्तकं निघाली आणि तेच गृहस्थ बजावू लागले की नियम मोडून खेळाल तर तो हा खेळच नव्हे. भांडणाचे दोन्ही पक्ष एकाच माणसाने काढून दिले, इतकी सोय सहसा कुणी करत नाही. पुढे २००८ची चौथी आवृत्ती अनेकांच्या घशाखाली उतरली नाही, तेव्हा २००९ मध्ये 'पाथफाइंडर' या नावाने जवळजवळ जुनाच संसार वेगळ्या चुलीवर मांडला गेला. कटंगीला हे समजायला जड नाही. राज्याची नवी आवृत्ती १९५६ साली निघाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, शाळा-कचेरी हिंदीत चालली. कितीतरी घरांत मात्र अजून जुन्याच नियमांनी बोलणं चालू आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा: धंदा शिरला की सोंगातला जीव जातो. तर जानेवारी २०२३ कडे पाहावं. कुणालाही या नियमांवर आपलं पुस्तक रचून विकता येईल, असा परवाना २००० पासून होता. तो आवळायचा खेळाच्या मालक कंपनीचा बेत बाहेर फुटला. खेळाडूंनी मासिक वर्गण्या रद्द करण्याचा सपाटा लावला आणि २७ तारखेला कंपनीने नमतं घेऊन मूळ नियमच सर्वांना खुले करून टाकले. अर्ध्या भिंतीचे मालक जमले की पुऱ्या घराच्या मालकालाही ओसरीवर यावं लागतं. योगायोग असा की दोनच दिवस आधी, २५ तारखेला, गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली होती. मंडईच्या नाटकांच्या झाडीपट्टी रंगभूमीवर त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग आहेत. तिकीटबारी नसती, तर एका माणसाला पाच हजार वेळा तोंडाला रंग लावायला कुणी बोलावलं असतं?

दुसरा आक्षेप मला एवढ्या सहज उडवता येत नाही. 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात २०१५ पासून आवाजाचे कसलेले कलाकार हा खेळ लोकांसमोर खेळतात. त्यांचा पहिला सूत्रधार मॅथ्यू मर्सर इतका बहारदार, की आता घरच्या टेबलावर बिचाऱ्या हौशी सूत्रधाराकडूनही तेवढेच आवाज आणि तेवढीच रंगत मागितली जाते. आपल्याकडेही नाटकाच्या फलकावर मुंबईचा ओळखीचा चेहरा आला की गावचा गडी पडद्यामागे दोर ओढायला जातो. इथे कुरकुर रास्त आहे, कारण इथे खेळणाऱ्याचा अर्धा वाटाच काढून घेतला जातो. फक्त त्यावर उपाय म्हणून जुना काळ परत मागणं मला पटत नाही. जुन्या काळीही पोरांना दंडारीत पाय बरोबर पडत नाही म्हणून म्हाताऱ्यांची बोलणी खावी लागतच असणार.

राहता राहिला तिखट आक्षेप: हे कुरकुरे स्वतः खेळत तर नाहीतच, नुसते भांडतात. टेबलाकडच्यांचं ते जाणोत. मंडईतला कुरकुऱ्या मात्र रात्री दहाच्या आत सतरंजी टाकून पुढची जागा धरतो, पहाटेपर्यंत पापणी मिटत नाही, उजाडल्यावर चहाच्या टपरीवर दुसऱ्या अंकाच्या चुका बोटांवर मोजतो, आणि पुढच्या गावची मंडई कोणत्या वारी, हे फक्त त्यालाच पाठ असतं.