पीजेला लागणारी जागा

पाचोरा ते जामनेर हे अंतर ५६ किलोमीटर. त्यावर धावणारी पीजे, म्हणजे अडीच फुटी रुळांवरची आमची नॅरोगेज, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिथं आता ब्रॉडगेज व्हायची आहे. तेव्हा जुनी पीजे निदान आपल्या घरात तरी चालवावी, असं मी ठरवलं. १:८७ हे प्रमाण धरलं तर ७६२ मिलिमीटरची रुंदी पावणेनऊवर येते, आणि ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. इथवर झकास जमलं. मग त्याच भरात मी ५६ किलोमीटरलाही ८७ नं भागलं. उत्तर आलं ६४४ मीटर.

"पाचोरा आपल्याकडे ठेवा," बायको म्हणाली, "आणि जामनेर तुमच्या बहिणीकडे."

शेवटी शेंदुर्णी आणि पहूर या दोनच स्टेशनांवर तडजोड झाली, तीही शेजारी शेजारी. आता फक्त एक सपाट जागा हवी होती. पण जळगावच्या घरात सपाट जागा रिकामी नसते. ती कुणाच्या तरी नावावर असते. जेवायचं टेबल मुलीच्या अभ्यासाचं, ओटा बायकोचा, दिवाण वडिलांचा. एका दुपारी सगळे झोपलेले पाहून मी डब्याचं छत पोळपाटावर कापलं. त्या रात्री भाकरी थापताना बायकोला पिठात प्लास्टिकची खिडकी सापडली. पुढचं लिहीत नाही.

मग एमडीएफचा तक्ता आणला. गुळगुळीत, स्वस्त, हवा तसा कापून मिळणारा. तो मी खिडकीपाशी ठेवला, कारण उजेड तिथंच. कूलरही तिथंच. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कूलर बंद ठेवा असं घरात म्हणणाऱ्या माणसाची बाजू कुणी घेत नाही. आठवड्याभरात तक्त्याची कड फुगली आणि शेंदुर्णीचा फलाट डोंगरावर गेला.

कूलरचं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. झटकन चिकटणारा जो गोंद असतो, तो हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. आमच्याकडच्या कोरड्या झळांत त्याला ओलावाच मिळत नाही, म्हणून तो डब्याला धरता धरत नाही. ओलावा असतो तो फक्त माझ्या घामेजलेल्या बोटांवर. कूलर लावला की हवेत ओलावा येतो, गोंदही धरू लागतो, पण मग चिकटवायची वस्तूच उडून जाते. पीजेची एक शिडी अशीच दिवाणाखाली गेली. वडिलांनी ती दात कोरायला वापरली असावी, असा मला आजही संशय आहे.

जाणकार म्हणतात, खाली काच घ्यावी. काच खरोखर सपाट असते आणि वाळलेला गोंद तिच्यावरून पात्यानं खरवडून निघतो. पण गल्लीतलं क्रिकेट पाहता काचेचा विचार मी टाकला आणि हिरवी कटिंग मॅट घेतली. तिच्यावर पातं चालवलं तरी चीर मिटून येते, शिवाय सेंटिमीटरच्या रेघा छापलेल्याच असतात. एकदा रंग सांडला, तो मी थिनरनं पुसला. रंग गेला, रेघाही गेल्या. नंतरचे दोन डबे नजरेनं मापून झालेत; त्यातला एक गाडीला जोडलाय आणि दुसरा माल म्हणून एका डब्यावर लादलाय. मग मॅट धुतली आणि वाळायला गच्चीवर टाकली. संध्याकाळी वर गेलो तर उन्हात टाकलेल्या बिबड्यासारखी ती चारी कडांनी वर आलेली.

धुळ्याचा मेहुणा नेमका तेव्हाच स्वयंपाकघर नवं करत होता. "दाजी, जुन्या ओट्याचा कडप्पा न्या. हलणार नाही, फुगणार नाही, वाकणार नाही," तो म्हणाला. यात फक्त 'न्या' हा भाग अवघड होता. दोन बाय तीन फुटांचा काळा दगड, वजन पंचवीस-तीस किलो. मेहुण्यानं तो गोणपाटात बांधून धुळे स्टँडवर एसटीत चढवून दिला आणि पारोळा-एरंडोलमार्गे मी त्याला गुडघ्यांत धरून निघालो. कंडक्टरनं गोणपाट उचकून पाहिलं.

"हाई काय शे भो? कोनशिला? कोनता मंत्री ई ऱ्हायना?"

"मंत्री नाही हो, रेल्वेसाठी आहे."

"तर मंग रेल्वेमा लई जाय ना, यष्टीमा कसाले लई उना?"

लगेजचं तिकीट त्यानं हसत फाडलं. एरंडोलपर्यंत सगळी बस मला रेल्वेचा माणूस समजून पीजे कधी सुरू होणार ते विचारत होती. लवकरच, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दगड मात्र कामाचा निघाला. मॅट उन्हात नरम करून त्याच्याखाली दाबली, ती रात्रभरात सरळ झाली. मॅट हवीच, कारण नुसत्या दगडावर पात्याचं टोक टिकत नाही. लोखंडी घोडीवर कडप्पा, त्यावर मॅट, त्यावर रूळ, असं सगळं थाटात मांडलं. इंजिन जोडायच्या आधीच डबे पहूरहून शेंदुर्णीला निघाले आणि कडेवरून थेट मोरीच्या दिशेनं गेले. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पाण्याची नळी लावून पाहिली आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. "भाऊ, फरशीला मोरीकडं ढाळ द्यावाच लागतो. नाहीतर पानी कुठं जाईल?" आता घोडीच्या दोन पायांखाली लग्नपत्रिका आहेत. वैशाखात ढाळ लवकर निघतो.

आणि वैशाखातच पापड असतात. उडदाचं पीठ तेल लावून कुटायला कडप्प्यासारखी जागा नाही, हे बायकोनं तो घरात शिरला त्याच क्षणी ओळखलं होतं. बोलली नव्हती इतकंच. पापडांच्या दिवशी गल्लीतल्या बायका लाटणी घेऊन आल्या, रूळ उचलून दिवाणावर गेले आणि घरभर मुसळाचा आवाज सुरू झाला. दगडाला लागलेलं तेल मॅटला लागलं, मॅटचं डब्याला, आणि तेलावर रंग धरत नाही. मी साबण आणि स्पिरिट घेऊन पुसायला गेलो, तर "अहो, अजून बिबडे आहेत, त्याला तुमचा वास लागेल," असं म्हणून मला बाहेर काढलं.

मुलीनं शेंदुर्णीच्या पाटीखाली चिठ्ठी लावली आहे: "उडदाच्या पापडांमुळे पीजे रद्द. प्रवाशांनी बिबडे संपल्यावर चौकशी करावी."