वीस तास छापणाऱ्या साहेबांस

मा. साहेब,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, लॅपटॉपच्या खोक्यावर ‘बॅटरी २० तास’ असं आपण छापता. आपला पत्ता मात्र कुठेच छापत नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर टाकावं लागलं.

आधी आपली पाठ थोपटतो. हे तास कसे मोजले, ते भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत आपण सांगून ठेवलेलं असतं: डिस्कवर उतरवलेला एक सिनेमा, वायफाय बंद, ब्राइटनेस बहुधा १५० निट्स. सिनेमा उलगडायला चिपमध्ये एक वेगळा छोटा विभाग असतो. तो राबतो आणि बाकीचा प्रोसेसर घोरतो. त्या घोरण्याचे आपण २० तास भरवलेत. आम्हीच अडाणी! खिडकीशी बसून ब्राइटनेस पूर्ण चढवतो, क्रोममध्ये टॅबांची जत्रा भरवतो आणि व्हिडिओ कॉलवर “आवाज येतोय का?” म्हणून ओरडत बसतो. यापुढे ऑफिसात दिवसभर एकच सिनेमा लावू, मंद उजेडात, वायफाय बंद करून. पगाराचं तेवढं आपण बघा.

आता थोडा भागाकार. बॅटरी ५० वॉट-अवरची आणि तास २०, म्हणजे अख्ख्या यंत्राने, पडद्यासकट, सरासरी अडीच वॉटमध्ये भागवायचं. आपल्याकडचा जुना ‘झिरो’चा बल्बसुद्धा दहा-पंधरा वॉट खायचा.

अशक्य आहे असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिपचं मॅकबुक एअर आणलं. बॅटरी ४९.९ वॉट-अवरची, दावा १८ तास सिनेमाचा. पण वायफायवर वेबसाइट बघण्याचे तास त्यांनी वेगळे दिले होते, १५. दोन कामं, दोन आकडे. एवढं तरी त्यांच्याकडून उचला. बॅटरी फुगवून नव्हे, तर चिपची भूक मारून तास वाढतात, हेही तेव्हाच सगळ्यांना दिसलं. २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्स आणि इंटेलची लुनार लेक चिप त्याच वाटेने आल्या. लुनार लेकमध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते. वीज वाचते, पण “रॅम नंतर वाढवू” हा आपला लाडका बेत कायमचा बुडतो. हे दुकानात कुणी तरी सांगायला हवं.

दुकानातला पोरगा सांगतो ते वेगळंच. तो प्रोसेसरच्या नावाचं शेपूट दाखवतो: इंटेलचा ‘एच’ दमदार, ‘यू’ आपला साधा. ‘यू’ची बेस पॉवर बरीच वर्षं १५ वॉट आणि ‘एच’ची ४५, हे तो गाळतो. अर्थात हे आकडे काम चालू असतानाचे. नुसतं टायपिंग करताना दोघेही पेंगतातच. तेव्हा खरी खादाड असते स्क्रीन, आणि तिच्याबद्दल गिऱ्हाईक एकच विचारतं, “फोर-के आहे ना?” आहे की! फुल एचडीच्या चौपट ठिपके, त्यांच्यामागून प्रकाश पाठवायला जास्त जोर. चौदा इंची पडद्यावर ते ठिपके मोजायला डोळे कुणाचे, हा प्रश्न वेगळा. एकच मॉडेल दोन्ही पडद्यांत विकता, तेव्हा खोक्यावरचे तास कुठल्या पडद्याचे असतात हे सांगायला नकोच.

ओएलईडीची गंमत त्याहून न्यारी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळा असेल तर विझून राहतो. अंधाऱ्या सिनेमात ती काटकसरी. पण वर्डचं पांढरंशुभ्र पान उघडलं की सगळे ठिपके एकदम पेटतात. म्हणजे आपली परीक्षाही सिनेमाची आणि पडदाही सिनेमाचा. आमची नोकरी मात्र पांढऱ्या पानांची! वर १४४ हर्ट्झ, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १४४ वेळा ताजं होणार. एक्सेलच्या रकान्यांना इतक्या चपळाईची गरज कधी पडली? वेगळं ग्राफिक्स कार्ड गेम खेळणाऱ्यांनी घ्यावं. बाकीच्यांनी ते नीट झोपतंय ना, यावर पहारा देत बसू नये.

तर विनंती एकच. तास छापता त्याच ठिकाणी, त्याच टायपात, वॉट-अवर आणि पडद्याचा प्रकार छापा. जमत नाही म्हणू नका. विमानाच्या केबिनमध्ये विनापरवानगी १०० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, आणि म्हणूनच आपले सर्वांत दांडगे लॅपटॉप ९९ च्या घरात शिस्तीत थांबतात. विमान कंपनीपुढे आपला आकडा अचूक असतो. सिनेमाचे तास तिथे चालत नाहीत.

तोवर खरेदीला निघालेल्यांना आमचा सल्ला: वॉट-अवर विचारा, ते सांगत नसतील तर पुढचं दुकान बघा, आणि खोक्यावरचे तास निम्मे धरा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चार्जरशिवाय घराबाहेर न पडणारा एक ग्राहक