डोंबिवलीचे कैवारी

डोंबिवलीला कुणी नावं ठेवली की अण्णा हजर होतात. अण्णा म्हणजे कुणी एकच गृहस्थ नव्हेत. टिळकनगर, पेंडसेनगर, रामनगर, कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा आणि दाराशी तुळशीची कुंडी अन् आत भिंतीवर रेल्वेचं वेळापत्रक असलेला ब्लॉक शोधा. तिथे एक अण्णा असतातच. बँकेतून नाहीतर विमा कंपनीतून निवृत्त झालेले. ऐंशीच्या दशकात गिरगावातली खोली सोडून, पीएफमधून पैसे काढून, इथे ओनरशिपचा ब्लॉक घेतलेले. "मुलांसाठी आलो," असं ते सांगतात. काकू सांगतात, "चाळीतल्या संडासच्या रांगेला कंटाळून आलो." दोन्ही खरं असावं.

डोंबिवलीत कुटुंबाला लागणारं सगळं जवळ आहे, हा अण्णांचा मुख्य मुद्दा. शाळा पाच मिनिटांवर, गणेशमंदिर चार, डॉक्टर तर बिल्डिंगखालीच. ही मिनिटं त्यांनी तिशीत, सकाळच्या गाडीसाठी धावताना मोजलेली आहेत, त्यामुळे पाहुण्यांनी ती दुपटीने धरावीत. रिक्षा मात्र या हिशोबात येत नाही. शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस घरी किती वाजता पोचतो, हा अण्णांच्या मते अंतराचा प्रश्न नव्हे, नशिबाचा.

दुसरा मुद्दा संस्कृतीचा. पु. भा. भावे इथले, शं. ना. नवरे इथले. हे सांगताना अण्णांचा सूर असा, की दोघंही रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत फडके रोडला भाजी घेत. २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन इथे झालं, तेव्हा अण्णांनी घरातल्या घरातच यजमानपद स्वीकारलं होतं. आणि १९९९ साली गणेशमंदिराच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली, तो तर त्यांचा हुकमी एक्का. "पुढे गिरगावानंही ती सुरू केली! आम्ही गिरगाव सोडलं, आणि गिरगाव आमच्यामागे आलं." यावर गिरगावकर नातेवाईक काहीतरी बोलू पाहतात, पण तोवर अण्णांनी त्यांच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढलेली असते.

नावं ठेवणारे एमआयडीसीवर येतात. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांपर्यंत गाजला. अण्णा डगमगत नाहीत. "मुंबईत खड्ड्यांपायी रस्ता दिसत तरी होता का? आमचा लांबून दिसायचा." वासाबद्दल विचाराल तर, "कुठला वास?" हे ते प्रामाणिकपणे विचारतात. मे २०१६ मध्ये तिथल्या कारखान्यात झालेल्या स्फोटाचा विषय निघाला, की मात्र अण्णा गप्प होतात. त्या दिवशी कारखान्यापासून लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. अण्णा तेवढं एक प्रकरण लढवत नाहीत. चहा सांगतात.

आता खरी गंमत ऐका. ज्या गावाची वकिली अण्णांनी जन्मभर केली, ते त्यांनी उजेडात पाहिलेलंच नव्हतं. सातच्या सुमारास डबा घेऊन बाहेर, रात्री आठनंतर घरात. सीट मिळावी म्हणून कल्याणपर्यंत 'डाऊन' करून यायचं, नाही जमलं तर कुणाच्या तरी कृपेने चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायचं. शनिवारी बाजार, रविवारी झोप. फलाटावर कुठे उभं राहिलं की नेमका दरवाजा समोर येतो हे त्यांना इंचात माहीत, पण मुलाचा वर्ग कुठल्या मजल्यावर हे माहीत नाही. उपनगरं कुटुंबासाठी उत्तम असतात ती अशी: कुटुंबातला एक जण सकाळी उठून घराचे हप्ते फेडायला पन्नास किलोमीटर लांब जातो, आणि बाकीचं कुटुंब तिथे सुखाने राहतं. अर्थात काकूही लग्नानंतर काही वर्षं लेडीज डब्यातून गेल्या होत्या, परतीच्या गाडीत त्यांनी शेंगा निवडल्या होत्या. पण त्यांना गावही माहीत होतं. ते त्यांना कसं साधलं, हे अण्णांनी कधी विचारलं नाही.

मग अण्णा निवृत्त झाले आणि पहिल्याच सोमवारी अकरा वाजता खाली उतरले. पोळीभाजी केंद्रातल्या बाईंनी आदराने विचारलं, "कुणाकडे आलात, काका?" वाण्याने उधारीच्या वहीत त्यांचं नाव शोधलं, खातं काकूंच्या नावावर निघालं. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. अण्णांनी मुकाट्याने सही केली आणि 'भेटीचे कारण' या रकान्यात 'राहतो' असं लिहिलं.

दुपारी त्यांनी काकूंना विचारलं, "हा आरडाओरडा रोज असतो?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "आज तुम्ही घरात आहात म्हणून पोरं दबकून आहेत."

पोरांना मोकळं खेळायला मिळावं म्हणून गिरगाव सोडणाऱ्या अण्णांना आता पोरांचं खेळणं दिवसाढवळ्या ऐकू येऊ लागलं. महिनाभरात ते सोसायटीच्या कमिटीवर गेले. पहिल्याच मीटिंगला त्यांनी आवारातल्या क्रिकेटवर दीड पानी टिपण वाचलं, त्यात एक पोटकलम टेनिस बॉलच्या टप्प्याबद्दल होतं. एका आईने विचारलं, "मग मुलांनी खेळायचं कुठे?" अण्णा म्हणाले, "मैदान दहा मिनिटांवर आहे." ती बाई डोंबिवलीतच लहानाची मोठी झालेली. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि हसली.

ठराव तरीही झाला. अण्णांनी पेंटरकडून स्वतः उभं राहून पत्र्याची पाटी रंगवून घेतली: 'आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' दोन लोखंडी पायांवर ती बागेच्या कडेला रोवली. उंची साधारण कमरेइतकी, रुंदी बेताची. पोरांना इतका बरा स्टंप आजवर मिळाला नव्हता. शिवाय चेंडू लागला की पत्रा वाजतो, त्यामुळे बोल्डवरून भांडण उरलं नाही.

अण्णांनी सेक्रेटरींना लेखी तक्रार दिली आहे. पाटी एका बाजूला कलली असून त्यामुळे लेग साइडचे निर्णय चुकतात, असं तिचं पहिलं वाक्य आहे.