भिंतीची मोजणी

नवे घर बांधणाऱ्या गृहस्थांच्या जाती अनेक आहेत. परंतु तहसील कचेरीत सारी हयात घालवून निवृत्त झालेला, भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून यवतमाळच्या एखाद्या लेआऊटात प्लॉट घेणारा, आणि त्या घराच्या न्हाणीत टब बसलाच पाहिजे असा हुकूम स्वतःवरच बजावणारा जो गृहस्थ असतो, त्याच्याइतका सज्जन व त्याच्याइतका छळवादी प्राणी साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. त्याला सगळे रावसाहेब म्हणतात. ही पदवी सरकारने दिलेली नसते. कधीकाळी एका शिपायाने दिलेली असते आणि पुढे मिस्त्री ती निरुपायाने चालू ठेवतो.

रावसाहेबांना टबात डुंबण्याची हौस आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. हौस आहे ती बंदोबस्ताची. टब पाच फुटी. तो जिच्या कुशीत बसावयाचा ती भिंतही पाच फुटी. आणि पसंत पडलेली टाईल, मोरबीहून आलेली, दोन फूट लांब व एक फूट उंच. दोनाने पाचास भाग जात नाही हे ध्यानी येताच, एरवी माणूस खट्टू व्हावयाचा. रावसाहेबांच्या मुद्रेवर मात्र बांधाच्या तंट्याचे कागद समोर आल्याचे तेज चढले. भिंतीच्या मध्यावर सांधा धरावा, तर दोन्ही कोपऱ्यांत सहा-सहा इंचांच्या दरिद्री पट्ट्या उरतात. मध्यावर अख्खी टाईल धरावी, तर दोहों बाजूंस अठरा-अठरा इंचांचे ऐसपैस तुकडे पडतात. आणि एका कोपऱ्यापासून आरंभ करावा, तर दुसऱ्या कोपऱ्यातला फूटभराचा तुकडा नेमका दारातून दिसतो. मिस्त्र्याने यातला दुसरा मार्ग भिंतीकडे पाहताक्षणीच मनाशी मुक्रर केला होता. रावसाहेब त्याच निर्णयाप्रत आले, परंतु रीतसर आले: आलेखाच्या कागदावर नकाशा निघाला, प्रत्येक टाईलला अनुक्रमांक पडला, कापलेल्या तुकड्यांना पोटहिस्से लागले आणि फर्दीच्या तीन नकला झाल्या.

"साहेब, टाईल लावाची हाय का मोजणी कराची हाय?" मिस्त्र्याने विचारले.

"दोन्ही," रावसाहेब म्हणाले.

गुण्या लावला तेव्हा भिंत गुण्यात नसल्याचे उघड झाले. नकाशात जे अठरा इंच होते, ते जमिनीवर, म्हणजे भिंतीवर, एका अंगाला साडेसतराच भरले. त्यावर रावसाहेबांनी गवंडी व प्लास्टरवाला या दोघांचे जबाब घेतले. न्यायासाठी सांगितले पाहिजे की, एका बाबतीत त्यांची दप्तरी बुद्धी खरोखर उपयोगी पडली. टबाचा दर्शनी कट्टा टाईलांनी बंद करून टाकण्याच्या बेतात मिस्त्री असताना, खालच्या सांडपाण्याच्या नळीपर्यंत उद्या हात कोठून घालावयाचा, असा सवाल त्यांनी केला आणि तेथे एक टाईल सुटी ठेवविली. प्रत्येक शेताला पांदण हवी, हे त्यांचे तत्त्व नळीच्या कामी आले. टब आधी बसवून भिंतीची टाईल त्याच्या उभ्या काठावर उतरवावी, म्हणजे ओघळ भिंतीत न मुरता टबात येतो, हे मात्र मिस्त्र्याचे. त्यावर रावसाहेबांनी केवळ "मंजूर" असा शेरा मारला.

या अवधीत रावसाहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, एकदाच बोलल्या. "अहो, पण आंघोळ बादलीनंच करायची ना?" या अर्जावर निर्णय झाला नाही.

अर्ज निराधार नव्हता. हे शहर निळोणा आणि चापडोह या धरणांच्या जिवावर नांदत आले. २०१८ च्या उन्हाळ्यात येथे पाण्यासाठी काय हाल झाले, ते यवतमाळकरास सांगावयास नको. शहरी माणसास दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी मानक आहे. पाच फुटी टब एका बैठकीस त्याहून अधिक पितो.

आणि कामाची अखेरची पायरीच पाण्याची निघाली. टब व टाईल यांमधल्या सांध्यात सिलिकॉन भरावयाचे, ते टब काठोकाठ भरून. कारण पाण्याच्या भाराने टब किंचित खाली बसतो, सांधा उघडतो, आणि रिकाम्या टबाला भरलेले सिलिकॉन पहिल्याच स्नानाला फाटते. शिवाय ते सुकेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, पाणी तसेच ठेवावयाचे. नळाची वाट पाहण्यात आठवडा गेला. नळ आला, गुंड, टिपाड, पिंप बाजूला सारून टब भरला गेला, सिलिकॉन भरले, सुकले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बूच काढावयास वाकला, तोच रावसाहेब दारात उभे राहिले. वहिनीही उभ्या राहिल्या, आणि इतक्या दिवसांत प्रथमच दोघांचे एकमत दिसले. नळाचा पुढचा दिवस अनिश्चित होता. रावसाहेबांनी घसा साफ करून पुढील आदेशापर्यंत "जैसे थे"चा हुकूम दिला, वहिनींनी लगेच तांब्या बुडवला, आणि टब रिकामा करून गळती तपासल्यावाचून बिल मंजूर व्हावयाचे नाही, असे कलम खुद्द रावसाहेबांनीच करारात घातलेले असल्यामुळे, मिस्त्र्याची बाकी अद्याप येणे आहे.