पासधारक कुटुंबप्रमुख

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांविषयी नोकरी, व्हिसा, मुलांचे मराठी आणि मंडळातील गटबाजी या अंगांनी बरेच लिहिले गेले असले, तरी या कुटुंबांच्या सुट्ट्या ज्या एका गृहस्थाच्या तावडीत सापडलेल्या असतात, त्याचा स्वतंत्र अभ्यास झालेला दिसत नाही. वास्तविक म्युनिक आणि आसपासच्या परिसरातील मराठी वाचकाला या गृहस्थाची ओळख करून देण्याचे कारण नाही. तो शनिवारी सकाळी साडेसहाला फलाटावर उभा असतो, त्याच्या एका हातात बाबागाडीची मूठ आणि दुसऱ्या हातात मोबाइल असतो, शेजारी दोन पेंगुळलेली मुले आणि एक मौनव्रती पत्नी असते, आणि कुठे निघालात असे विचारले असता तो गावाचे नाव नंतर सांगतो, आधी "पास आहेच की!" असे म्हणतो. प्रस्तुत लेखात त्याला पासधारक असे संबोधले आहे.

हा पास म्हणजे ‘डॉइचलांड-टिकेट’, अर्थात जर्मनीभर चालणारा मासिक पास. २०२२च्या उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी, जर्मन सरकारने महिना ९ युरोंचे तिकीट काढले, ते लोकांना इतके भावले की पुढे १ मे २०२३पासून ४९ युरोंचा कायमस्वरूपी पास सुरू झाला, जानेवारी २०२५मध्ये तो ५८ युरोंवर आणि जानेवारी २०२६मध्ये ६३ युरोंवर गेला. या पासावर देशातील सर्व शहरी बस, ट्राम, भुयारी रेल्वे, लोकल आणि ‘रेगिओ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या चालतात. ‘आयसीई’ ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी मात्र चालत नाही. सर्वसाधारण जर्मन नागरिक या नियमाचा अर्थ असा घेतो की पास रोजच्या ये-जा करण्यासाठी आहे आणि दूर जायचे तर आयसीईचे तिकीट काढावे. पासधारकाने लावलेला अर्थ निराळा आहे. त्याच्या मते आयसीई ही गाडी अस्तित्वातच नाही.

येथे एका आर्थिक बाबीचा खुलासा आवश्यक आहे. पासधारक बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीत अभियंता असतो, पासाच्या किमतीचा काही भाग ती कंपनीच भरते, आणि उरलेली रक्कम त्याच्या रोजच्या कचेरीच्या प्रवासातच फिटून जाते. म्हणजे हिशेबाच्या कोणत्याही मान्य पद्धतीने पाहिले तरी महिनाअखेरीस वसूल होण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. तथापि पासधारकाच्या शास्त्रात कचेरीचा प्रवास हा प्रवासच नव्हे. वसुली सुरू होते ती शनिवारी. दरवाढीबद्दल तो सरकारला दोष देत नाही, उलट प्रत्येक वाढीनंतर तो मुलांना आणखी एक गाव दाखवतो.

त्याच्या कार्यपद्धतीचा उत्तम नमुना म्हणून बर्लिनच्या प्रवासाकडे पाहता येईल. म्युनिकहून बर्लिनला आयसीईने सुमारे चार तासांत पोहोचता येते. पासधारक पहाटे निघतो, न्यूरेंबर्ग, लाइपझिग आणि डेसाऊ येथे गाड्या बदलतो आणि सायंकाळी बर्लिनला उतरतो. म्युनिक–न्यूरेंबर्ग ही रेगिओ वेगवान लोहमार्गावरून ताशी जवळजवळ २०० किलोमीटर वेगाने धावते, आणि हा टप्पा पार पडेपर्यंत पासधारक पत्नीला किमान तीनदा सांगतो की आयसीई तरी यापेक्षा वेगळे काय करते. त्यापुढच्या टप्प्यात, गाडी प्रत्येक खेड्यात थांबू लागल्यावर, तो निसर्गाविषयी बोलतो.

गाडी बदलणे ही या प्रवासातील मध्यवर्ती घटना होय. हातात सहा मिनिटे असतात, पलीकडच्या फलाटावर जायचे असते आणि लिफ्टच्या दारावर ती बंद असल्याची पाटी असते. अशा वेळी कुटुंबाची रचना ठरलेली आहे: धाकटी आईच्या कडेवर, डब्याची पिशवी बाबागाडीत पट्ट्याने बांधलेली, बाबागाडी पासधारकाच्या डोक्यापर्यंत उचललेली, आणि पाच वर्षांचा थोरला टोपी हातात घेऊन सर्वांच्या पुढे धावणारा. या टोपीचे काम पुढे स्पष्ट होईल. बाबागाडीत मुलीऐवजी डबा का, असा प्रश्न एका जर्मन आजीबाईंनी विचारला असता पासधारकाने दिलेले उत्तर नोंदण्यासारखे आहे. मुलगी रडली तर समजते, वरण सांडले तर समजत नाही. उन्हाळ्यात यात आणखी एका घटकाची भर पडते. रेगिओमध्ये बाबागाड्या आणि सायकली यांच्यासाठी एकच मोकळी जागा राखलेली असते, आणि चांगली हवा पडली की अख्खे म्युनिक सायकली घेऊन त्याच डब्यात शिरते. त्या जागेवरून होणारे तंटे अतिशय सभ्य भाषेत आणि अतिशय दीर्घकाळ चालतात, आणि तोवर आतल्या पुऱ्यांचा चुरा झालेला असतो.

उशीर या विषयावर पासधारकाची भूमिका सामान्य प्रवाशाच्या नेमकी उलट आहे. गाडी मुक्कामी ६० मिनिटे किंवा अधिक उशिरा पोहोचल्यास पासधारक प्रवाशाला दीड युरो भरपाई मिळते. मात्र एकूण रक्कम ४ युरोंपेक्षा कमी असेल तर ती दिली जात नाही, म्हणून किमान तीन उशीर साठवावे लागतात. पासधारक ते साठवतो. गाडी ३० मिनिटे रखडली की इतर प्रवासी त्रासतात, हा गृहस्थ सावरून बसतो. ४५ मिनिटांवर तो मुलांना शांत राहायला सांगतो, जणू आवाजाने गाडी सुटेल. आणि ५७ मिनिटांवर गाडी मुक्कामी पोहोचली तर त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटते ते दीड युरोंच्या मानाने फार मोठे असते. एकदा गाडी ६२ मिनिटे उशिरा पोहोचली तेव्हा बापलेकांनी फलाटावर टाळ्या दिल्याचे प्रत्यक्षदर्शी सांगतात. साठवलेल्या तीन उशिरांचा अर्ज मंजूर होऊन साडेचार युरो खात्यात जमा झाले, आणि त्या आनंदात पासधारकाने सर्वांना आइस्क्रीम खाऊ घातले, ज्याचे बिल अकरा युरो झाले.

मुक्कामी पोहोचल्यावरचा भाग थोडक्यात आटोपण्यासारखा आहे, कारण पासधारकही तो थोडक्यातच आटोपतो. न्यॉइश्वानस्टाइन हा बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९मध्ये बांधायला घेतलेला आणि जगभरच्या पर्यटकांना ओढून आणणारा किल्ला. त्याच्या पायथ्यापर्यंत फ्युसेनहून बस जाते आणि बसला पास चालतो, परंतु आत जायला वेगळे तिकीट पडते. म्हणून किल्ला बाहेरूनच खरा शोभतो, असे पासधारकाचे मत आहे. बेर्ख्टेसगाडेनजवळच्या क्योनिग्सझे तलावात नावाडी मध्येच नाव थांबवून ट्रम्पेट वाजवतो आणि डोंगरावरून त्याचा प्रतिध्वनी येतो. नावेला पास चालत नसल्यामुळे तो प्रतिध्वनी मुलांनी काठावर बसून मोबाइलवर ऐकला. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या स्थानकापर्यंत हा पास चालतो हे कळल्यापासून तर त्या कुटुंबाने साल्झबुर्ग इतक्या वेळा पाहिले आहे की थोरल्याला मोझार्टपेक्षा त्या स्थानकावरचे स्वच्छतागृह अधिक ठाऊक आहे. मुलांची स्वतःची गरज मोजकी असते. कोणत्याही गावात उतरल्यावर त्यांना तेथील क्रीडांगण हवे असते, जर्मनीतील लहानात लहान गावातही ते उत्तम असते, आणि चार तासांच्या प्रवासानंतर मुले ज्या घसरगुंडीवर दिवस काढतात, तशीच घसरगुंडी त्यांच्या इमारतीच्या मागे आहे हे फक्त त्यांच्या आईच्या लक्षात येते.

या आईविषयी लिहिणे अवघड आहे, कारण ती फारसे बोलत नाही. पास बंद करायचा असल्यास चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत तसे कळवावे लागते, आणि दर महिन्याच्या नऊ तारखेला रात्री ती शांतपणे विचारते, "अरे, या महिन्यात पाऊसच आहे, तर माझा पास तरी बंद करूया का?" त्यावर पासधारक उत्तर देतो, "बंद कशाला? पास आहेच की!" या युक्तिवादातील दोष तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दाखवता येईल, तिला तो इतक्या वर्षांत दाखवता आलेला नाही, किंवा तिने दाखवलेला नाही.

या व्यवस्थेला पहिला गंभीर धक्का बसला तो थोरल्याच्या सहाव्या वाढदिवसाला. जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालील मूल फुकट प्रवास करते. सहा पूर्ण झाली की आईवडिलांच्या मासिक पासावर त्याला कोणतीही सवलत नाही. घरी फुगे लावलेले असताना पासधारक नियमावली वाचत बसला होता आणि तिच्यात त्याला आणखी एक विदारक सत्य सापडले: आयसीईमध्ये ६ ते १४ वर्षांची मुले मोठ्यांच्या तिकिटावर फुकट जातात. ज्या गाडीचे अस्तित्व त्याने इतकी वर्षे नाकारले, तीच आता त्याच्या मुलाला बोलावत होती. तो डगमगला, पण वश झाला नाही. त्याने ‘बायर्न-टिकेट’ शोधून काढले. हे बव्हेरिया प्रांतापुरते एक दिवसाचे तिकीट असून त्यावर स्वतःची मुले किंवा नातवंडे नेता येतात, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी ९नंतरच लागू होते. त्यामुळे सुट्टीतल्या सोमवारी ८ वाजून ५३ मिनिटांची रिकामी गाडी डोळ्यांदेखत सोडून तासाभराने येणाऱ्या गर्दीच्या गाडीत चढणारे मराठी कुटुंब आता त्या फलाटावर दिसू लागले आहे. खिशात दोन पास असताना वर तिसरे तिकीट काढावे लागते, याची वाच्यता घरात केली जात नाही.

एवढे सगळे मान्य करूनही एक गोष्ट नाइलाजाने नोंदवावी लागते. ही मुले बालवाडीत, शाळेत आणि परस्परांत जर्मन बोलतात. आईवडिलांनी मराठीत विचारले तरी उत्तर जर्मनमध्ये येते, आणि शनिवारच्या मराठी वर्गाने त्यात फारसा फरक पडलेला नाही. रेगिओतल्या समोरासमोरच्या चार बाकांवर मात्र, पाचव्या तासानंतर, जेव्हा चित्रांची पुस्तके संपतात, मोबाइलची बॅटरी संपते आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडतो, तेव्हा पासधारक भेंड्या सुरू करतो. ‘ण’ आला की तो ‘न’ चालवून घेतो. धाकटी बडबडगीतांच्या ओळी एकमेकींत मिसळून गाते, थोरला डब्यातील लोणच्यासाठी अस्खलित मराठीत भांडतो, आणि चार तासांत बर्लिनला पोहोचणाऱ्या कुटुंबाला हे घडायला वेळच मिळाला नसता, हे त्या मौनव्रती बाईंनाही मान्य आहे. दहा तारीख दर महिन्याला टळते त्याचे कारण बहुधा हेच असावे.

टोपीचा उलगडा करण्यासाठी कोल्हापूरपर्यंत मागे जावे लागते. महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाची योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि त्या मुदतीत एस.टी.ने राज्यभर हवे तितके हिंडायचे. पासधारकाचे वडील दर मे महिन्यात हा पास काढत आणि तो वसूल व्हावा म्हणून गणपतीपुळे, औंढा नागनाथ आणि शेगाव ही एकमेकांपासून होता होईल तितकी लांबची ठिकाणे एकाच फेरीत घेत. बस फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून चार जागा धरणे हे घरातील थोरल्या मुलाचे काम असे. जर्मनीत खिडकीतून काही टाकता येत नाही, म्हणून नातवाला टोपी देऊन दारातून पुढे पाठवले जाते.

बव्हेरियाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे २०२५मध्ये २७ ऑगस्टचा गणपती या कुटुंबाला कोल्हापुरात साजरा करता आला. पुण्याहून पुढे जाण्यासाठी पासधारकाने वातानुकूलित मोटार ठरवली होती. एस.टी.चा विषय निघताच, मुलांना त्रास होईल, रस्त्यात खड्डे आहेत, स्वच्छतागृहांची सोय नसते, अशी कारणे त्याने एकामागून एक सांगितली, आणि ती ऐकताना त्याच्या पत्नीने बऱ्याच वर्षांनी मनापासून हसून घेतले. न्यायला आलेले आजोबा मात्र मोटारीत बसेनात. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२पासून एस.टी.चा प्रवास मोफत असल्याने मोटारीत बसणे म्हणजे धडधडीत नुकसान, असा त्यांचा हिशेब होता. "अरे, आधार कार्ड आहेच की!" असे म्हणून त्यांनी नातवाचे अर्धे तिकीट काढण्याची तयारी दाखवली आणि त्याला घेऊन स्वारगेट गाठले.

मोटार वेळेत पोहोचली. बस कोल्हापूरच्या स्थानकात शिरली तेव्हा ४० मिनिटे उशीर झाला होता, आणि टोपी हातात घेऊन उतरलेला नातू हिरमुसला होता.

"आजोबा, अजून वीस मिनिटं लागली असती तर पैसे परत मिळाले असते ना?"

"एस.टी. पैसे परत देत नाही रे," आजोबा म्हणाले, "पण चाळीस मिनिटं जास्त बसवलं, त्याचे घेतले का?"