उरलेल्या जागेतून चालणाऱ्यांचं पत्र

रस्ता रुंदीकरणाचा नकाशा आखणारे साहेब,

तुमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर फार तर तुमची बदली होईल आणि तुमच्या खुर्चीत येणारा माणूस हाच नकाशा पुढे रेटील. माझं भांडण त्या नकाशाशी आहे. पण तो आखणारा हात तुमचा, म्हणून पत्र तुम्हाला.

स्टेशनपासून शाळेपर्यंतचा आमचा रस्ता तुम्ही रुंद केलात. आधी झाडं गेली, मग दुकानांचे ओटे गेले, मग काँक्रीट आलं. गाड्यांना चार पदर मिळाले आणि माणसांना गटाराचं झाकण. होय, झाकणच. ज्याला तुम्ही बिलात फुटपाथ म्हटलंत, ती पावसाळी गटारावर टाकलेली स्लॅब आहे. गटाराची जेवढी रुंदी तेवढी चालणाऱ्याची रुंदी. गटाराला जेवढी उंची लागली, तेवढं आम्ही चढायचं. मी टेप लावून पाहिली: सव्वा फूट. चढून चार पावलं टाकली की सोसायटीचं फाटक, तिथे गाडीसाठी उतार केलेला, म्हणून खाली या. फाटक ओलांडलं की परत वर. मग विजेचा डीपी. मग जाहिरातीचा खांब. मग फुटक्या झाकणाचं चेंबर आणि त्यात कुणा भल्या माणसाने खुणेसाठी खोचलेली झाडाची फांदी.

आमच्या शेजारच्या आजी या फुटपाथवर पाय ठेवत नाहीत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या खालून, काँक्रीटच्या कडेने, उभ्या मोटारसायकलींच्या सीटवर एकेक हात टेकत भाजी आणायला जातात. मागून रिक्षा हॉर्न मारत येते. तुमच्या लेखी त्या ‘वाहतुकीला अडथळा’ आहेत. माझ्या लेखी त्या तुमच्या कामाच्या खऱ्या तपासनीस आहेत आणि त्यांनी तुम्हाला केव्हाच नापास केलंय.

नियम माहीत नव्हता, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका तुमच्या कपाटात असणार. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, फाटकासमोरही फुटपाथ त्याच पातळीवर अखंड राहावा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे फाटकापाशी आजींनी उतरायचं नाही, गाडीने हळू होऊन वर चढायचं. तुम्ही ते उलटं केलंत, कारण तुम्ही रस्ता मधून आखायला घेता. आधी दुभाजक, मग गाड्यांचे पदर, मग पार्किंग, मग गटार, आणि उरलंच काही तर माणूस. रस्ता भिंतीकडून आखायला घ्या. आधी चालणाऱ्याची जागा, मग झाडाची, मग बसथांब्याची, आणि उरेल ती गाड्यांची. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

गाड्या अडतील म्हणाल. इथे सकाळी लोकल पकडणाऱ्यांतले किती जण मोटारीने स्टेशनवर येतात, ते एकदा साडेसातला पुलाखाली उभं राहून बघा. केंद्र सरकारच्या नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच सांगितलं होतं की रस्त्यावरून माणसं न्यायची आहेत, वाहनं नव्हेत. त्यानंतर आमच्या बाजूला काय आलं, तर स्कायवॉक. २००८ मध्ये वांद्र्याला पहिला उघडला आणि मग उपनगरांत त्यांची रांग लागली. खालचा रस्ता गाड्यांना मोकळा राहावा म्हणून दमलेल्या माणसाला जिने चढायला लावणं, याला सोय म्हणतात का?

२०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालत होती. हे आकडे सरकारच्याच अहवालातले आहेत. ही माणसं कुठल्या शर्यतीत नव्हती. दूध आणायला, शिकवणीला, कामावर निघालेली होती.

आणि रस्ता म्हणजे नुसतं काँक्रीट नव्हे, कडेच्या इमारतीही रस्ताच असतात. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने रस्त्याच्या रुंदीला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण, जोडून दिलं: रस्ता जास्त रुंद, तर बांधकाम जास्त. त्यामुळे रस्ता रुंद व्हावा अशी घाई बिल्डरला असते. चालणाऱ्याला त्यातून काय मिळालं, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे तळमजल्यावर वाणी, शिंपी, पिठाची गिरणी असलेल्या दुमजली इमारती पाडून टॉवर उभे राहिले. आता तळाला पार्किंग आणि रस्त्याला सहा फुटी कोरी भिंत. रात्री दहाच्या लोकलने उतरलेली मुलगी पूर्वी उघड्या दुकानांच्या उजेडातून घरी जायची. आज ती त्या भिंतीलगत मोबाइलचा टॉर्च लावून भराभर चालते. बांधकाम परवानगी देताना रस्त्याकडे उघडणारी दुकानं मागा, भिंत कमरेइतकी ठेवा, फाटकं कमी करा. यातल्या कशालाही पालिकेचा रुपया लागत नाही.

फेरीवाल्यांकडे बोट दाखवू नका. त्यांच्यासाठी २०१४ चा कायदा आहे, सर्वेक्षण करून जागा नेमून द्यायची आहे. ते काम झालं नाही, याचा दोष भाजीवालीचा नाही.

हे आपल्याच राज्यात होऊ शकतं. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर जाऊन या. ऐसपैस फुटपाथ, झाडाखाली बाकं, त्यावर संध्याकाळी बसलेली म्हातारी माणसं, शेजारी खेळणारी पोरं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं होतं. त्या शहराचे सगळे रस्ते सुधारले असं मी म्हणत नाही, कोथरूडच्या माणसाला विचारलं तर तो मला हाकलून देईल. पण एक रस्ता झाला, म्हणजे दुसराही होतो.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे यापुढे आम्ही तुमच्याकडे मेहरबानी मागत नाही.

शाळेपासून बाजारापर्यंतच्या दुसऱ्या टप्प्याची निविदा अजून निघायची आहे. त्यातलं क्रॉस सेक्शनचं, म्हणजे रस्त्याच्या आडव्या छेदाचं, पान प्रभाग कार्यालयाबाहेर लावा, मराठीत, मापांसकट, निविदा निघण्याआधी महिनाभर. फुटपाथ १.८ मीटरहून कमी दिसला तर आम्ही लेखी हरकत घेऊ, आणि पहिली सही त्या आजींची असेल. त्यांनी ती मला कालच देऊन ठेवली आहे.

स्टेशन रस्त्यावरचा एक रहिवासी