बिनशेती ताट

मावळातल्या आंबी गावच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांसाठी ज्या खाणावळी आहेत, त्यांपैकी एकीच्या दारात लागलेले नवे दरपत्रक वाचल्यापासून आमचे अंकगणित ठिकाणावर नाही. साधे ताट : तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात, लोणचे, दर ९० रुपये. डाएट ताट : दोन पोळ्या, भाजी, आमटी, काकडीच्या चार चकत्या; भात नाही; दर १२० रुपये. एक पोळी वजा झाली, लोणचे वजा झाले, भात तर समूळ वजा झाला, आणि या साऱ्या वजाबाकीची बेरीज तीस रुपये आली. काकडीच्या चार चकत्यांना कोणत्याही मोसमात तीस रुपये पडत नाहीत, हे मंडईत जाणाऱ्या प्रत्येक गृहस्थास ठाऊक आहे. तेव्हा हे तीस रुपये भात न वाढण्याबद्दल मुक्रर झालेले आहेत, याविषयी संशयास जागा उरत नाही.

खाणावळीच्या मालकांस आम्ही विनयपूर्वक पृच्छा केली. "अहो साहेब," ते म्हणाले, "भात काय, सगळेच देतात. न देणं ही सर्व्हिस आहे." हे वाक्य त्यांनी इतक्या निर्विकारपणे उच्चारले की क्षणभर आम्हांसच आपल्या प्रश्नाची लाज वाटली. तरीही, या न वाढलेल्या भाताचे पुढे काय होते, ही शंका आम्ही भीत भीत काढली. "तो पोरांच्या अनलिमिटेडमध्ये जातो," असे उत्तर मिळाले. फलकाच्या दुसऱ्या अंगास तसे नमूदही होते : मुलांसाठी अनलिमिटेड ताट, भात हवा तितका, दर ११० रुपये. म्हणजे व्यवहार असा की, डाएट ताट घेणारी मुलगी आपल्या वाट्याचा भात सोडते, सोडल्याबद्दल तीस रुपये भरते, आणि तोच भात शेजारच्या मेजावरचा तिचा वर्गबंधू तिसऱ्यांदा मागून घेतो. खरेदीखताचे मुद्रांक शुल्क मिळकत घेणाराने भरावे, अशी आजवरची वहिवाट आहे. मिळकत फुकट देऊन वर शुल्कही देणारानेच भरावे, असा दस्तऐवज आमच्या पाहण्यात हा पहिलाच.

आंबीचा भूगोल ज्यास ठाऊक आहे, त्या वाचकास मात्र यात नवल वाटू नये. तळेगावाहून इंद्रायणी ओलांडून या बाजूस आले की, ज्या जमिनीत एके काळी आषाढाच्या पावसात, डोक्यावर इरले घेऊन, चिखलात कमरेत वाकून बायका भाताची आवणी करीत, त्या जमिनीवर आज कारखान्यांच्या भिंती, वसतिगृहांचे मजले आणि गुलाबांची पॉलीहाऊसे उभी दिसतात. येथले गुलाब फेब्रुवारीतल्या प्रेमदिनासाठी परदेशी रवाना होतात, आणि दांड्याची लांबी सेंटिमीटरांत मोजून त्यांची प्रतवारी लावली जाते. भातखाचर होते तोवर या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. पुढे खाचरात मुरूम पडला, बांध मोडले, तारेचे कुंपण झाले, बिनशेतीचा परवाना हाती आला, आणि मग भाव असा चढला की ज्याने जमीन विकली तो जन्मभर हळहळला व ज्याने ठेवली तो गावचा पुढारी झाला. जमिनीतून भात गेला की तिची किंमत वाढते, हा सिद्धान्त ज्या मालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी, कदाचित स्वतःच्याच सातबाऱ्यावर, सिद्ध झालेला पाहिला, त्यांनी तोच ताटास लागू केला, तर त्यांच्या व्यवहारबुद्धीस दोष कसा द्यावा? त्यांनी ताट बिनशेती केले, एवढेच. आणि ज्या मुलीपुढे ते ताट येते तिलाही, अंगावरचे जेवढे उतरेल तेवढा भाव चढेल, असे चहूबाजूंनी बजावण्यात आलेले असल्यामुळे, या परवान्यावर तिची सही मिळवण्यास फारशी यातायात पडत नाही.

बरे, हा भात तरी कोणता? रेशनच्या दुकानातला खडे निवडायचा भात असता, तर आम्ही मौन पाळले असते. आंबीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या दोन वाणांचा संकर घडवून शास्त्रज्ञांनी जो इंद्रायणी वाण सिद्ध केला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हवाली केला, तो हा भात. ज्याच्यासाठी पुण्यामुंबईची सुखवस्तू मंडळी रस्त्याच्या कडेस मोटारी उभ्या करून पोती चाचपून पाहतात, तो हा भात. त्याचे झाकण काढले की वास दुसऱ्या आळीपर्यंत जातो. एका पिढीने आंबेमोहराचा सुगंध राखून उत्पन्न वाढवण्यासाठी आयुष्य वेचावे, आणि त्याच मावळात पुढच्या पिढीतल्या मुलींना त्या सुगंधाकडे पाठ फिरवण्याची रीतसर पावती मिळावी, हा कृषिसंशोधनाचा मोठाच विजय म्हटला पाहिजे.

आमच्या समक्ष घडलेला प्रसंग सांगतो. वाढणाऱ्या काकू भाताचे पातेले घेऊन मेजाशी आल्या. समोर बसलेली मुलगी दुसऱ्या वर्षाची असावी. भर दुपारी अंगात स्वेटर होता, त्याच्या खांद्यावर गळालेले चार-पाच केस चिकटले होते, आणि हातातले घड्याळ मनगटावरून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत खालीवर सरकत होते. "घासभर तरी घे गं बाय, वास बघ कसा सुटलाय," काकू म्हणाल्या. "नको काकू, कार्ब्स असतात." "कार्ब्स नाही गं, इंद्रायणी आहे!" काकूंनी शपथेवर सांगितले. मुलगी हसली, पण वाटीवरचा हात काढला नाही. मग तिने चमच्याने आमटीवरचा तवंग अलगद एका बाजूस केला, तो कागदी रुमालाने टिपून घेतला, पोळीचे चार तुकडे केले, त्यांतले दोन खाल्ले, एक पुन्हा दोन ठिकाणी फाडला, आणि मोबाइलवर काही आकडे भरले. एखाद्या शिरस्तेदाराने साऱ्या तालुक्याची जमाबंदी इतक्या बारकाईने केली नसेल. पलीकडच्या मेजावरून आवाज आला, "काकू, भात आणा की इकडे!" आणि काकू तिकडे गेल्या.

फलकाच्या तळाशी लाल अक्षरांत लिहिले आहे : 'दिवसभराचा प्लॅन, फक्त १२०० कॅलरी.' हा आकडा कोठून आला, हे मालकांस ठाऊक नाही आणि मुलींसही नाही. लुलू हंट पीटर्स नावाच्या अमेरिकी डॉक्टर बाईंनी १९१८ साली आहारावर पुस्तक लिहिले आणि सडपातळ होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांस दिवसाकाठी १२०० कॅलरींचे रेशन नेमून दिले. ते पहिल्या महायुद्धाचे वर्ष होते; अन्न वाचवणे हे देशकार्य होते, आणि अंगावर चरबी बाळगणे म्हणजे साठेबाजी, असा बाईंचा रोख होता. युद्ध त्याच वर्षी संपले. साठेबाजीचा आरोप मात्र अद्याप मागे घेण्यात आलेला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी उपासमारीचे परिणाम अभ्यासण्यासाठी छत्तीस धडधाकट तरुण पुरुषांना स्वखुशीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांस दिवसाकाठी सुमारे १५७० कॅलरी मिळत. तेवढ्यावर त्या पुरुषांची जी दशा झाली ती ग्रंथबद्ध आहे : त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, घेरी येऊ लागली, केस गळू लागले, मन कशातही लागेना, चिडचिड वाढली, अन्नावाचून दुसरा विषय सुचेना, आणि त्यांतले काही तर पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसू लागले. याचे नाव शास्त्राने उपासमार असे ठेवले. त्याहून सुमारे पावणेचारशे कॅलरी कमी करून जे उरते, त्याचे नाव आंबीत 'प्लॅन' आहे; आणि मिनेसोटाच्या त्या छत्तीस जणांकडून कोणी तीस रुपये जादा घेतल्याची नोंद नाही. आमच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज १६६० कॅलरी धरली आहे. त्याच संस्थेच्या हिशोबाने पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, आणि स्त्रीस २९. अर्थात ज्या ताटात डाळ, पालेभाजी, तीळ, गूळ दीडपटीने पडावयास हवे, त्याच ताटावर आम्ही कात्री चालवतो, आणि २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के पंडुरोगी निघाल्या की चिंतेचे अग्रलेख लिहितो.

या मुलींना कोणी नटव्या म्हणेल, तर त्याचा कान धरावा असे आम्हांस वाटते. कोणत्याही मुलीस जन्मतः भाताचा तिटकारा नसतो. तो तिला शिकवावा लागतो, आणि त्या शिक्षणास मावळात काय, साऱ्या महाराष्ट्रात, कधीही शिक्षकांची वाण पडलेली नाही. लग्नघरी पाऊल टाकताक्षणी "अगं, किती सुटलीस!" असे म्हणणारी मावशी, आणि त्याच मुलीस सहा महिन्यांनी "अगं, किती वाळलीस, आजारी वाटतेस," असे म्हणणारी तीच मावशी, बायोडाट्यात 'वर्ण गोरा, बांधा सडपातळ' असे छापणारा बाप, आणि स्वतःच्या शर्टाची बटणे पोटावर ताणलेली असताना ते वाचून मान डोलावणारा वरपिता : ही सर्व या शाळेतली मानधनावरची मंडळी. पोह्यांचा विधी आठवा. मुलगी पाहायला सात माणसे येतात. मुलगी ताटल्या घेऊन बाहेर येते. सातही माणसे कांदेपोहे खातात, दुसऱ्यांदा घेतात, लिंबू मागतात, आणि खाता खाता तिची उंची, वजन आणि स्वयंपाकाची आवड विचारून घेतात. त्या सबंध बैठकीत एकटी जी खात नाही, तिच्याच देहाची तपासणी चालू असते! हरतालिकेस चांगल्या नवऱ्यासाठी एक दिवस निर्जळी उपवास करण्याची चाल होती. आता त्याच नवऱ्यासाठी वर्षातले उरलेले दिवसही कामास लावले आहेत. आणि यातून एखादी मुलगी खरोखरच आजारी पडली, तिची पाळी थांबली, दिवसाउजेडी डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, जेवून उठल्यावर ती मोरीत जाऊन ओकू लागली, तरी घरास पत्ता नसतो. कारण न खाणारी मुलगी आमच्याकडे शहाणी समजली जाते. १८७३ साली लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी अन्न टाळण्याच्या या विकारास वैद्यकीय नाव दिले, मनोविकारांमध्ये सर्वाधिक प्राणघातक ठरणाऱ्यांत त्याची गणना होते, आणि आमच्या घरांत मात्र त्याचे कौतुक होते, "आमची ताई अगदी मितं खाते हो!" त्या ताईस डॉक्टरकडे, आणि देहाच्या डॉक्टरांबरोबरच मनाच्या डॉक्टरांकडे, तातडीने नेले पाहिजे, एवढी साधी गोष्ट समजण्यास तिला आधी रस्त्यात कोसळावे लागते.

खरी गोष्ट ही की, स्त्रीची भूक ही आमच्या घरातली सर्वांत जुनी बचत योजना आहे. पुरुष आधी जेवत, मग मुले, मग पाहुणा राहिला असल्यास पाहुणा, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी जी खरवड उरे ती आजीची. आजी अर्धपोटी उठे आणि त्यास संसार म्हणत. फरक इतकाच की, आजीचे न खाणे फुकट होते, नातीच्या न खाण्यास दर लागला आहे. आणि येथे त्या खाणावळीच्या मालकांचे उपकार मानणे आम्हांस प्राप्त आहे. कारण एक वेळचा भात न खाण्याचे बाजारमूल्य तीस रुपये आहे, हे इतिहासात प्रथमच त्यांनी चव्हाट्यावर लिहून ठेवले. न देणे ही जर सर्व्हिस, तर न खाणे ही त्याहून मोठी सर्व्हिस. आणि ती आजीने पन्नास वर्षे, दोन्ही वेळा, विनातक्रार बजावली. हिशोब सरळ आहे. दिवसाचे साठ रुपये, वर्षाचे २१,९००, पन्नास वर्षांचे १०,९५,०००. लीप वर्षांतले जादा दिवस आजीने माफ केले आहेत, व्याज ती मागत नाही, आणि सणावारी पुरणपोळी शेवटची म्हणून अर्धीच मिळाली त्याचा यात समावेश नाही. ही प्रत्येक घरावरची थकबाकी आहे. मुळशीपासून मेळघाटापर्यंत ज्या ज्या घरात बाई शेवटी जेवली, त्या त्या घरावर ती चढली आहे, आणि ती माफ करण्याचा अधिकार कोणत्याही मामलेदारास नाही. रोकड नसेल, तर मालाच्या रूपाने घ्यावी. सबब आमची दरखास्त अशी की, वसुलीस येत्या लग्नसराईपासूनच आरंभ व्हावा, आणि पहिली जप्ती कांदेपोह्यांवर यावी : वरपक्षाच्या हातातल्या साती ताटल्या उचलून त्यांतली सर्वांत भरलेली मुलीपुढे ठेवावी, वर खोबरे घालावे, आणि तिचा शेवटचा घास संपेपर्यंत, तिची उंची तर राहोच, तिचे नावदेखील विचारण्याची परवानगी कोणास असू नये.